खिसे शिवलेली पँट

९ जानेवारी

वहिनी,

लांबून नमस्कार. तुझं पत्र आधी जुन्या खोलीवर गेलं. तिथल्या मालकाने ते स्वतः चालत येऊन इथे आणून दिलं. त्याच्याच नळाची तोटी माझ्या हातून तुटली होती, तरी. फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. तूच म्हणालीस ना, "फोनवर तुम्ही नुसते हो-हो करता भावजी. लिहा. लिहिताना माणूस कुठेतरी सापडतो." बघ, सापडतोय.

तर तू अग्निशमन केंद्रात अर्ज केलास! कंट्रोल रूममध्ये फोन घ्यायचं काम तुझ्यासाठीच आहे. तू फोन घ्यायचीस ती टॅक्सी कंपनी बंद पडल्यापासून दादाच्या सलूनचे टॉवेल धुतेयस, हे मला आठवलं की गिळवत नाही. एका ड्रायव्हरच्या बायकोला गाडीतच कळा सुरू झाल्या होत्या आणि तू त्याला फोनवरून एकेक वळण सांगत दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलंस, तुझा आवाज जराही हलला नाही. दादा ती गोष्ट अजून गिऱ्हाइकांना सांगतो. पण बसून फोन घेणाऱ्या बाईला मैदानाला चार फेऱ्या पळायला कशाला लावतात? आग काय फोनमधून बाहेर येणार आहे?

असो. नियम तो नियम. आणि वयामुळे हा शेवटचाच चान्स, म्हणजे पळायचंच.

तू विचारलंस, आयुष्यात बस पकडण्यापलीकडे कधी पळाले नाही, तर सुरुवात रस्त्यावर करू की जिममधल्या ट्रेडमिलवर? योग्य माणसाला विचारलंस. मी सध्या एका मोठ्या जिममध्ये ट्रेनर आहे. (मागच्या पत्रात लिहायचं राहिलं.) ट्रेडमिल, वहिनी. डोळे मिटून ट्रेडमिल. पट्टा मऊ असतो, गुडघ्यांना हिसका बसत नाही. रस्त्यावर खड्डे, कुत्री, धूळ. शिवाय मशीनवर वेग आपण ठरवायचा नसतो, बटण दाबलं की पट्टाच पळवतो. समोरची दांडी घट्ट धर आणि भिंतीकडे बघ. मी रोज दुपारी जिम रिकामं असतं तेव्हा अर्धा तास असाच पळतो.

इथे एक म्हातारे गृहस्थ येतात. सायकलवर बसून अख्खा पेपर वाचतात, पायडल मारतात फक्त क्रीडा पानावर. त्यांच्या घामाने हँडल इतकं चिकट होतं की दोनदा फवारून पुसावं लागतं, आणि त्या फवाऱ्याचा वास हाताला असा बसलाय की मी खातो त्या ब्रेडलाही लिंबाचा वास येतो. हे कशावरून निघालं? हां, ट्रेडमिल. दांडी धर.

दादाला सांग, न्हाव्याचा भाऊ अजून स्वतःची दाढी करताना कापून घेतो.

तुझा,
भिंगरी


२४ जानेवारी

पायाला भिंगरी लागलेले आमचे भावजी,

पत्र मिळालं. ट्रेनर झालात हे वाचून ह्यांना आनंद झाला. म्हणाले, "हा? ह्याला शाळेत असताना पी.टी.च्या तासाला पोटात दुखायचं."

तुमचं पत्र यायच्या आधी मी एकदा रस्त्यावर जाऊन आले, ते सांगते. गेले म्हणजे काय, निघाले. मैदानाकडे जायला आपला एकच रस्ता, ह्यांच्या दुकानासमोरून. तुम्हाला दुकान ठाऊक आहे. समोर लांब आरसा, मागे लांब आरसा. खुर्चीतल्या माणसाचं तोंड भिंतीकडे असतं, पण त्याला मागचा रस्ता पुरा दिसतो, आणि तोही एकदा नाही, आरशात आरसा, आरशात आरसा. मी त्या रस्त्याने एकदा पळाले तर आत दहा-बारा जणी पळणार. आणि सगळ्या माझ्याच मापाच्या.

ह्यांची जुनी ट्रॅक पँट नाडी दोनदा गुंडाळून घातली होती. कोपऱ्यावर आले. आत कुणीतरी साबण लावून बसलं होतं. पांढऱ्या तोंडातले दोन डोळे आरशातून सरळ माझ्याकडे. मी तशीच वळले, बेकरीत शिरले आणि ब्रेड घेऊन घरी आले. घरात आदला ब्रेड पडून होता.

संध्याकाळी हे म्हणाले, "तू जाशील तेव्हा मी दुकानाचा पडदा ओढून घेत जाईन." मी बरं म्हणाले. पडदा ओढण्यासारखं मी काय करणार होते, हे विचारायचं मनात आलं होतं. विचारलं नाही.

मग जिमला नाव घातलं. दुपारी बायकांची वेळ असते. पहिल्या दिवशी पट्टा सुरू झाला आणि कुणीतरी पायाखालची सतरंजी ओढतंय असं वाटलं. दांडी अशी धरली की बोटांचे सांधे पांढरे पडले. तिथे शिकवणारी एक पोरगी आहे, पोनी बांधलेली, सारखी उड्या मारल्यासारखी चालते. ती म्हणते, "काकू, दांडी सोडा. आणि आठवड्यातून दोनदा बाहेर पळा, हळूहळू का होईना." तुम्ही म्हणता धरा. कुणाचं ऐकू?

वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

माझं ऐक. त्या पोनीचं वय काय आणि गुडघे कसले! तिला काय जातंय सांगायला. उड्या मारणारी माणसं दुसऱ्यालाही उडायला सांगतात.

बाहेर जाऊ नकोस, हे मी जबाबदारीने सांगतोय. नवशिक्या माणसाने बाहेर जाऊच नये. बाहेर वारा समोरून येतो. रस्ता कधी चढतो कधी उतरतो. लोक बघतात, आणि लोक बघायला लागले की माणूस स्वतःच्या पायांनी पळत नाही, त्यांच्या डोळ्यांनी पळतो. दम लागतो तो त्याचाच. मशीनवर बघ, भिंत. भिंतीला काय पडलंय? आमच्या भिंतीवर एक डोंगराचं पोस्टर आहे, एका कोपऱ्यात सुटलेलं. मी त्याच डोंगराकडे रोज अर्धा तास पळतो आणि तो जिथल्या तिथे. मला आवडतं ते. कुठे पोचायला नको, कुणी विचारायला नको, कुठून आलास.

दादाने पडदा ओढतो म्हटलं ते चांगलंच केलं की. समजूतदार आहे.

मी गेल्या आठवड्यात खोली बदलली. या खोलीत खिडकी आहे, पण ती जिन्यात उघडते. वर-खाली करणाऱ्यांचे फक्त पाय दिसतात. बुटांवरून मी आता माणसं ओळखतो. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई रोज एक मोजा उलटा घालतात. बघ, परत भरकटलो. दांडी धर.

भिंगरी


२२ फेब्रुवारी

भावजी,

जमलं! चार दिवसांपूर्वी मशीनवर चारही फेऱ्यांइतकं अंतर एका दमात झालं. आकडे बदलताना मी बघत होते, बोर्डाचा निकाल बघावा तसे. खाली उतरले तर पाय जमिनीवर असूनही जमीनच मागे चालली होती. शेजारच्या बाईच्या खांद्याला धरलं. ती म्हणाली, "होतं असं, उतरलं की जमिनीला आपणच नवीन असतो."

ह्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बुटांना पॉलिश केलेलं होतं. कॅनव्हासच्या बुटांना! काळे डाग पडलेत. मी तसेच घालते.

चाचणी दहा मार्चला आहे. मैदान मातीचं आहे, कडेला मोकळी रेती. बाहेरून जाता-जाता बघून आले. वळणंही आहेत, मशीनवर वळण नसतं हे मला तिथे उभं राहिल्यावर सुचलं. एकदा तरी तिथे पळून बघू का? तुमचं उत्तर आल्याशिवाय जात नाही.

वहिनी


१ मार्च

वहिनी,

शाब्बास! मी जिममध्ये सगळ्यांना सांगितलं. पेपरवाल्या गृहस्थांनीसुद्धा पायडल थांबवून ऐकलं.

मैदानाची काळजी करू नकोस. अंतर म्हणजे अंतर, ते काय मातीवर वाढतं का? आता शेवटच्या आठवड्यात बाहेर जाऊन पाय मुरगळून घेशील, तेवढं राहिलंय. तुला जे येतं तेच कर. जिमलाच जा.

आणि नोकरी लागली की तुझ्या कंट्रोल रूमला पहिला फोन मी करणार. "आग कुठे लागली?" विचारलंस तर सांगेन, पोटात.

भिंगरी


२१ मार्च

वहिनी,

पेढ्यांचं नंतर बघू, निदान दोन ओळी तर टाक! मी रोज जिन्यातल्या खिडकीतून पोस्टमनचे बूट शोधतो. त्याच्या डाव्या टाचेला लाल रबर आहे. दोनदा वर जाऊन आला, माझ्या दाराशी थांबला नाही.

दादाला फोन केला होता. "ती ठीक आहे, पायाला जरा लागलंय," म्हणाला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवला. मागे कात्रीचा आवाज नव्हता.

काय झालं?

भिंगरी


८ एप्रिल

भिंगरी,

भावजी म्हणत नाहीये, तुझ्या लक्षात आलंच असेल. आज लहान दिराशी बोलतेय असं समज.

शिट्टी वाजली आणि आम्ही सगळ्या निघालो. पाच-सहा पावलं गेले असेन. कडेच्या जाळीमागून कुणीतरी ओरडलं, "अहो ताई, गाडी घरी राहिली का?" आणि हशा पिकला. मला कळेना कशाला हसतात. मग खाली बघितलं. माझे दोन्ही हात समोर होते, सरळ, मुठी वळलेल्या. रिकामी ढकलगाडी ढकलत निघाल्यासारखी मी पळत होते. दांडी धरून.

हात खाली घेतले तर तोल जायला लागला! दीड-दोन महिने माझं अर्धं वजन त्या दांडीने उचललं होतं. मग मी फक्त त्या हशापासून लांब जायचं म्हणून जोरात पळाले. मशीन असतं तर म्हणालं असतं, एवढ्याच वेगाने. इथे म्हणणारं कुणी नव्हतं. पहिली फेरी संपायच्या आत छातीत भट्टी पेटली. दुसऱ्या वळणावर मी आखलेल्या पट्ट्याबाहेर गेले आणि रेतीत बसले.

शिट्टीवाल्या साहेबबाई धावत आल्या. विचारलं, "पाय मुरगळला का?"

मी हो म्हणाले.

ऐक पुढे. त्यांनी लिहून घेतलं की दुखापत, आणि दुखापतवाल्यांना पुन्हा एक तारीख देतात, बारा मे. हे जाळीमागे उभे होते. भर गर्दीच्या वेळी दुकान बंद करून आले होते, मला माहीतसुद्धा नव्हतं. त्यांनी तो हशा ऐकला असणार. मला खांद्याचा आधार देऊन घरी आणलं. मी लंगडत आले. इतकी छान लंगडले की दारापर्यंत येताना खरंच दुखायला लागलं. त्या दिवसापासून मी धडधाकट पायाला पट्टी बांधून घरात फिरते. हे सकाळ-संध्याकाळ बर्फ लावतात. फुंकर घालतात. मी डोळे मिटून घेते, त्यांना वाटतं दुखतंय.

हरले असते तर चाललं असतं. आता धड हरलेही नाही. खोटं बोलून मिळवलेली तारीख घेऊन बसलेय आणि पळायची हिंमत नाही.

एकच विचारते, खरं लिही. तू स्वतः बाहेर कधी पळाला आहेस का?

वहिनी


१६ एप्रिल

वहिनी,

एकदा.

या शहरात आलो त्याच महिन्यात. चांगलं ऊन वर आलं होतं. कामधंदा नव्हता, म्हटलं पळायला तरी कुणाची परवानगी लागत नाही. कॉलर फाटलेला शर्ट, पायात दुसऱ्याचे बूट, एक माप मोठे, फटक-फटक वाजणारे. एका दुकानांच्या रांगेपुढून जात होतो. छान वाटत होतं, खरं सांगतो. वारा कानात शिरत होता. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "ए! थांब!"

मी थांबलो. वळलो. आणि कुणी काही विचारायच्या आत माझे दोन्ही खिसे बाहेर ओढून दाखवले. किल्ली पडली, बसचं तिकीट पडलं, अर्धं बिस्किट पडलं.

कुलपं-किल्ल्या विकणारा एक माणूस दारात उभा होता. तो त्याच्या कुत्र्याला ओरडला होता. कुत्रं रस्त्यात उतरलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला, कुत्रंही. माझे खिसे दोन्ही बाजूंना कानांसारखे लोंबत होते. तो म्हणाला, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." तो हसलासुद्धा नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

मला कुणी चोर म्हटलं नव्हतं, वहिनी. मीच म्हटलं.

त्या रस्त्याने मी परत गेलो नाही. कामाला जाताना लांबचा वळसा घेतो. गुडघे-बिडघे सगळं मी नंतर शोधून काढलं. तुला जे सल्ले म्हणून पाठवत होतो ते माझे लोंबणारे खिसे होते. पोनीवाली बरोबर होती. आणि मी ट्रेनर नाही. मी मशीन पुसतो. दुपारी साहेब जेवायला गेले की एका मशीनवर चढतो, तेही दांडी धरून. तुझं पत्र आल्यावर पहिल्यांदा दांडी सोडून बघितली तर पट्ट्यावरून मागे सरकत-सरकत भिंतीला जाऊन टेकलो. मी जे शिकवलं ते मलाच येत नव्हतं.

काल बाहेर गेलो. तो रस्ता नाही, तेवढी छाती नाही. एका बागेच्या कडेने. पहिल्या वळणावरच धाप लागली, कारण मीही जोरात निघालो, सगळे बघतायत म्हणून. कुणी बघत नव्हतं. एक बाई कणीस सोलावं तसं छत्रीचं कव्हर काढत होती, तिला मी दिसलोही नाही. मग चाललो. मग परत पळालो, इतकं हळू की मला तुझ्याशी मोठ्याने बोलता येत होतं. बोललोही. माळी बघत होता, पण मी बोलत राहिलो. बोलता येईनासं झालं की चालायचं, यायला लागलं की पळायचं. मशीनवर वेग बटणात असतो, बाहेर तो बोलण्यात असतो, एवढंच मला एका दिवसात कळलं. हात मात्र दर थोड्या वेळाने पुढे जातात. मी हातात दोन लिंबं धरली, मुठी खाली राहाव्यात म्हणून.

पट्टी सोड, वहिनी. दादाला सांग. ते सांगायचा मला हक्क नाही, माहीत आहे.

भिंगरी


२ मे

भावजी,

पुन्हा भावजी. सारखं रागावून राहायला वेळ नाही.

तुम्ही मशीन पुसता हे मला तुमच्या नऊ जानेवारीच्या पत्रापासून माहीत आहे. ट्रेनरच्या ब्रेडला लिंबाचा वास येत नाही. ह्यांनीसुद्धा ओळखलं, दोघं हसलो होतो. मग विचारून-विचारून तुमचंच का ऐकलं? कारण रस्त्यावर जाऊ नको असं कुणीतरी म्हणायला हवं होतं मला. पोनीवाली ते म्हणेना. तुम्ही म्हणालात. तेव्हा सगळं पाप आपल्या डोक्यावर घेऊन हिंडू नका, त्यातलं अर्धं माझं आहे, परत करा.

पट्टीचं सांगते. सकाळी हे वस्तऱ्याला धार लावत होते. मी पट्टी सोडून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "माझा पाय मुरगळला नव्हता."

"माहीत आहे," म्हणाले. मान वरसुद्धा केली नाही.

"कधीपासून?"

"सोमवारी डाव्या पायाला होती. बुधवारी उजव्या."

मला वाटलं जमीन फाटावी. म्हटलं, "मग बर्फ कशाला लावत होतात?"

"तू ज्या पायाला म्हणशील त्याला लावत होतो."

मी रडले. मग हे धार लावायचे थांबले आणि म्हणाले, "तो पडदा तुझ्यासाठी नव्हता. गिऱ्हाईक तुझ्याबद्दल काहीतरी बोललं असतं, आणि मी हातात वस्तरा असून गप्प बसलो असतो. गिऱ्हाईक तुटू नये म्हणून. ते मला आरशात दिसायला नको होतं." अठरा वर्षांच्या संसारात मी ह्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानासमोरून निघाले. दोन हातांत दोन लिंबं. पडदा उघडा. आत तीन माणसं, आरशांत मी किती होते देव जाणे. कुणीतरी आत हसलंच. ते मी ऐकलं आणि पाय आपोआप जोरात पडायला लागले, तशी मागून ह्यांची हाक आली. दारात येऊन उभे होते, वस्तऱ्यावर साबण तसाच.

"हळू!" ओरडले. "बोलता येईल इतकं हळू!"

तुमचं पत्र वाचून पाठ केलंय त्यांनी. आता तिकडून जाते तेव्हा अर्ध्या दाढीची गिऱ्हाइकंसुद्धा ओरडतात, हळू, हळू. काही अजून हसतात. लाज वाटायची थांबली नाही. पण ती आता माझ्याबरोबर पळते. आधी ती पुढे पळायची.

बारा तारखेचं मात्र मनाला डाचतंय. ती तारीख खोटी आहे.

वहिनी


२० मे

भावजी,

आधी हे वाचा, मग सोबतचं पुडकं उघडा.

बाराला मैदानावर गेले ती सरळ शिट्टीवाल्या साहेबबाईंकडे. म्हटलं, "मॅडम, मागच्या वेळी माझा पाय मुरगळला नव्हता. लोक हसले, मी घाबरले आणि बसले. तुम्ही मला बाद करा नाहीतर पळू द्या, पण दुखापत म्हणून नको."  त्यांनी तोंडातली शिट्टी काढली आणि म्हणाल्या, "आमच्याकडे दिवसभर घाबरलेलीच माणसं फोन करतात. त्यातली निम्मी आधी खोटं सांगतात. जा, रांगेत उभ्या राहा. पण शेरा मी बदलणार."

बदलला. दुखापत खोडून लिहिलं, "घाबरून थांबली." माझ्या कागदावर ते आता कायमचं राहणार. राहू दे.

शेवटून दुसरी आले. वेळेत आले. शेवटच्या फेरीला बोलता येत नव्हतं, तेव्हा मनात बोलले. जाळीमागे हे उभे होते, "हळू" ओरडायचं ते विसरून "पळ, पळ" ओरडत होते. एक तारखेपासून कामावर.

आता पुडकं. ह्यांची दुसरी ट्रॅक पँट आहे, तुमच्या मापाची करून. खिसे आतून शिवून टाकलेत, दोन-दोन टिपा मारून. उसवायचे नाहीत.

वहिनी


२९ मे

वहिनी,

पँट लांबीला एक बोट जास्त आहे. अजून मी वाढेन अशी तुला आशा दिसते.

आज त्या रस्त्याने गेलो. दोन दिवस नुसताच कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत होतो, काल तर बिस्किटाचा पुडा घेऊन परत आलो, तुझा ब्रेड आठवला. आज गेलो. ऊन, दुकानं उघडी, बूट या वेळी माझ्या मापाचे. तुझ्याशी बोलत होतो, तुला कळवायचं राहिलेलं सगळं. पोस्टर पडलं, पेपरवाले गृहस्थ आजारी आहेत, पोनीवालीला माझा नमस्कार सांग. कुलपवाल्याचं दुकान आलं. कुत्रं पायरीवर झोपलेलं. म्हातारं झालंय. मी पुढे गेलो आणि वाटलं, सुटलो.

तेवढ्यात मागून तोच आवाज. "ए! थांब!"

वहिनी, दोन्ही हात खाली गेले. मी नेले नाहीत, गेले. मांडीवर कापड चाचपलं, पुन्हा चाचपलं. आत शिरायला जागाच नव्हती. तुझी टीप बोटांना लागली.

पाय तोवर चालूच होते. मी मागे वळून बघितलं नाही. कुत्रं भुंकलं, ते मात्र ऐकलं.

भिंगरी